हरिदास सुखदेव्यांचं भूतान

हरिदास सुखदेवे या माणसाला स्वस्थ बसता येत नसे. खुर्चीत टेकला तरी एक पाय हलत राहायचा. जेवताना डावा हात टेबलावर काहीतरी अदृश्य लिहीत असायचा. आणि शुक्रवारी दुपारी, सगळं बहरीन पडदे ओढून एसीच्या घुरघुरीत आडवं झालेलं असताना, हा गृहस्थ ईसा टाउनमधल्या आपल्या दोन खोल्यांत स्वयंपाकघरापासून दारापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या घालायचा. त्याची बायको प्रभावती म्हणायची, "अहो, एवढं चालला असतात तर एव्हाना पायी भूतान गाठलं असतं."

तो हसायचा आणि फेऱ्या चालू ठेवायचा. भूतानवरून आपली थट्टा होते याची त्याला सवय झाली होती. बहरीनच्या मराठी मंडळींत त्याला भूतानवालेच म्हणत. हिमालयातल्या त्या चिमुकल्या देशात कसं जावं, कधी जावं, काय खावं आणि कशाने उलटी थांबते, हे त्याच्याइतकं आखातात कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता, एवढीच काय ती उणीव.

या वेडाची सुरुवात ब्याण्णव सालच्या सुट्टीत झाली. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत त्याचे वडील शिवदास सुखदेवे राहत. सदतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला पोस्टमन. छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला पायी गेलेल्या पवनीच्या पोरांपैकी एक. विहारात आलेल्या एका भन्तेंनी सांगितलं होतं की, वर डोंगरात एक देश आहे, तिथे राजाही बुद्धाचा आणि शिंपीही बुद्धाचाच. ते ऐकल्यापासून म्हाताऱ्याला चैन नव्हतं.

हरिदास परत निघाला तेव्हा ते त्याच्या बॅगेच्या पट्ट्याला धरून म्हणाले, "आपण धम्म घेतला तवापासून गावात आपली दहा घरं. दहा घरांचा धम्म पायला मी. पुऱ्या मुलखाचा कसा असते, ते मले एकदा पायचं आहे. नेशील काय?"

"नेतो ना बाबा. पुढल्या सुट्टीतच," हरिदास म्हणाला. म्हाताऱ्याला दमा होता. छातीतली शिट्टी बोलताबोलताही ऐकू यायची. डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं की, आता दर हिवाळा जास्त जड जाईल. म्हणजे न्यायचं तर लवकर न्यायचं होतं. हे हरिदासला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याच्या पायाला तेव्हापासून जास्तच भिंगरी लागली.

आता हा माणूस नोकरी काय करायचा ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. जनाबियाला एक मोठी कंपनी बंगल्यांची वसाहत बांधत होती. तिथे हरिदास डॉक्युमेंट कंट्रोलर होता. नकाशा आला की त्यावर तारीख घालायची, रिव्हिजन नंबर टाकायचा, ज्याला ज्याला द्यायचा त्याची सही घ्यायची. आणि सुधारलेला नकाशा आला की जुनी प्रत प्रत्येकाकडून परत आणून त्यावर 'बाद'चा लाल शिक्का मारायचा. एकदा जुन्या नकाशावर बांधलेली भिंत त्याच्या डोळ्यांदेखत फोडावी लागली होती. तेव्हापासून चुकीचा कागद माणसाच्या हातात राहू देणं हे त्याच्या लेखी पाप होतं.

भूतानही त्याने तसंच चालवलं. थिंफूला पत्र धाडलं, चार महिन्यांनी एक माहितीपत्रक आलं. पेपरातली कात्रणं जमवली. कलकत्त्याकडच्या एका सहकाऱ्याकडून रेल्वेच्या वेळा घेतल्या. मग सगळं मराठीत टाइप करून, क्लिप लावून, वर लिहिलं: 'भूतान प्रवास, व्यावहारिक सूचना, रिव्हिजन शून्य.' आणि प्रती वाटल्या. घेणाऱ्यांकडून सही घ्यायला तो विसरला नाही.

सूचना मात्र वाचण्यासारख्या होत्या. नागपूरहून हावडा, तिथून न्यू जलपायगुडी, तिथून बसने जयगाव. जयगाव भारतात, कमानीपलीकडचं फुन्शोलिंग भूतानात. फुन्शोलिंग पायथ्याशी आहे, तिथे दम लागत नाही. तिथल्या कचेरीतून परमिट घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थिंफूचा रस्ता सात तासांचा आणि सगळा वळणांचा, म्हणून रिकाम्या पोटी बसू नये आणि भरल्या पोटी तर मुळीच बसू नये. उंचीवर पहिल्या दिवशी निजून राहावं. आपली नोट चालते. तिथले लोक मिरचीची भाजी करतात, म्हणजे मिरची घालून नव्हे, मिरचीचीच, वर चीज. भंडाऱ्याच्या माणसाला अडचण येऊ नये. विहाराला उजव्या हाताला ठेवून फिरावं. आत फोटो काढू नये. चौदाव्या कलमात, ठळक टायपात, असं होतं: मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मे ते सप्टेंबर कदापि जाऊ नये, दरडी कोसळतात.

आणि इथेच सगळं अडलं. ईसा टाउनच्या शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. हरिदासची मुलगी श्रावस्ती त्या शाळेत. कंपनीची लीव्हही शाळेच्या सुट्टीला बांधलेली. म्हणजे जेव्हा जाता येत होतं तेव्हा जायचं नव्हतं, आणि जायचं तेव्हा जाता येत नव्हतं.

त्र्याण्णवच्या जुलैत तो पवनीला गेला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "बाबा, आता नाही. दरडी असतात."

"दरड काय रोज पडते?" म्हाताऱ्याने विचारलं.

"रिस्क काहून घ्यायची? तुमची तब्येत अशी. ऑक्टोबरात मी स्पेशल लीव्ह काढतो."

ऑक्टोबरात बंगल्यांचा पहिला टप्पा ताब्यात द्यायचा होता. इंशाल्ला पुढच्या वर्षी, असं साहेब म्हणाले. पुढच्या वर्षीही ते इंशाल्लाच म्हणाले. हरिदास साहेबांच्या केबिनमधून परत आला आणि त्याने रिव्हिजन तीन काढली.

त्याचा राग येतो मला. माणूस लबाड नव्हता, आळशी तर नव्हताच. पण आपण बापाला नेण्याची तयारी करतोय, या समाधानात त्याची वर्षं जात होती. प्रत्येक रिव्हिजनची प्रत रजिस्टर पोस्टाने पवनीला जायची. निवृत्त पोस्टमन ती सही करून घ्यायचा, चष्मा लावून वाचायचा आणि आधीच्यांवर रचून ठेवायचा. त्याच्याकडून जुन्या परत मागवण्याचं धाडस तेवढं हरिदासला झालं नाही. बहरीनमध्ये मात्र तो दारोदार जाऊन आणत असे. अदलियात हेमचंद्र नावाचा त्याचा मित्र राहायचा. मूळ पुण्याचा, एका ऑफिसात अकाउंटंट. एका संध्याकाळी हरिदास त्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "रिव्हिजन चार आण. पाच आलीय."

"अरे, मी चार अजून वाचलीही नाही!"

"बरं झालं. चारमधली बसची वेळ चुकीची होती."

पाचव्या रिव्हिजनमध्ये नवं कलम आलं होतं ते ओळखपत्राचं. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की, भारतीयांना व्हिसा लागत नाही, ओळखीचा कुठलाही सरकारी कागद पुरतो. हरिदासने ते दहादा वाचलं आणि त्याचा विश्वास बसला नाही. बारा वर्षं बहरीनमध्ये काढलेल्या माणसाचा कसा बसणार? इथे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. तिजोरीची किल्ली ऑफिसातल्या मुख्तार नावाच्या कारकुनाकडे. सुट्टीला जाण्याआधी मुख्तारपुढे उभं राहायचं, चार ठिकाणी सह्या करायच्या, मग तो दोन बोटांत धरून आपलं नाव आपल्याच हातात द्यायचा. खिशात सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातही हरिदासला चोरट्यासारखं वाटायचं. दुसऱ्या देशाच्या हद्दीत पासपोर्टशिवाय पाऊल? त्याने लिहिलं: 'पासपोर्ट अनिवार्य. दोन झेरॉक्स, बारा फोटो.' आणि वडिलांना कळवलं की, पासपोर्ट काढा, मग निघू.

शिवदास सुखदेव्यांनी अर्ज केला. शाळेच्या दाखल्यावर जन्म एक जून, नोकरीच्या पुस्तकात एक जुलै. अर्ज परत आला. प्रतिज्ञापत्र केलं, परत अर्ज. पोलिस चौकशीला आले तेव्हा म्हातारा दम्याने दवाखान्यात होता, शिपाई 'पत्त्यावर आढळला नाही' असं लिहून गेला. ज्याने सदतीस वर्षं त्याच पत्त्यांवर टपाल वाटलं, तो आपल्याच पत्त्यावर सापडला नाही. असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात ते अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. हरिदास रोज फोन करायचा आणि फोन ठेवला की फेऱ्या घालायचा. पण त्या अकरा दिवसांतही त्याच्या डोक्यात हेच: पोलिस रिपोर्ट येऊ दे, मग बघतो.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात हेमचंद्र आणि त्याची बायको सुनंदा खरोखरच भूतानला निघाले. त्यांची मुलं पुण्यात कॉलेजला, त्यामुळे शाळेचं लोढणं गळ्यात नव्हतं. हरिदास विमानतळापर्यंत गेला. वाटेत त्याने सातवी रिव्हिजन तोंडपाठ म्हणून दाखवली. एवढ्या आनंदात आणि एवढ्या मत्सरात माणूस एकाच वेळी असू शकतो, हे प्रभावतीला त्या दिवशी दिसलं.

तीन आठवड्यांनी ती दोघं परत आली. शुक्रवारी हरिदासच्या घरी जेवायला बसली. हरिदास वाढायचं सोडून उभाच.

"सांग. कलम एकपासून सांग," तो म्हणाला.

हेमचंद्र आणि सुनंदाने एकमेकांकडे पाहिलं आणि सुनंदाला हसू आवरेना. "हरिदासभाऊ, तुम्ही लिहिलंत, शनिवारी सकाळी आठला परमिटच्या कचेरीत हजर राहा, आठवड्याचा पहिला दिवस, गर्दी कमी असते. आम्ही पावणेआठला हजर. कचेरीला कुलूप!"

"कुलूप? काहून?"

"अहो, शनिवार-रविवार सुट्टी असते तिथे. आठवडा सोमवारी सुरू होतो. साऱ्या जगात!"

हरिदास मटकन खाली बसला. बहरीनमध्ये गुरुवार-शुक्रवार सुट्टी आणि शनिवारी सकाळी आठला कामाला जुंपायचं. बारा वर्षं शनिवारी ऑफिस उघडणाऱ्या माणसाला जगाचा शनिवार वेगळा असतो हे सात वेळा टाइप करूनही सुचलं नव्हतं. श्रावस्ती भाताचा घास घेता घेता म्हणाली, "बाबा, एव्हरीबडी नोज दॅट!" तिच्या आईने तिला डोळे वटारून गप्प केलं.

"पण एक बरं झालं," हेमचंद्र म्हणाला. "दोन दिवस फुन्शोलिंगमध्ये अडकलो, तर गंमत कळली. त्या कमानीतून कोणीही जातं-येतं, यार. जयगावच्या बायका भाजी घेऊन आत जातात, तिथले लोक चपला घ्यायला बाहेर येतात. पासपोर्ट मफी, काही मफी, काहीच नको. कोणी बघतसुद्धा नाही. सोमवारी परमिटलाही आमच्या पुढच्या माणसाने मतदानाचं कार्ड दाखवलं. खलास! दहा मिनिटांत काम झालं."

"मतदानाचं कार्ड," हरिदास म्हणाला. पवनीत त्याच्या वडिलांच्या उशाखाली ते वर्षभरापासून पडून होतं. तो उठला आणि नेहमीप्रमाणे दाराकडे गेला. पण तिथून परतला नाही. दाराच्या कडीला हात लावून पाठमोरा उभा राहिला. दोन वर्षं मी फुकट घालवली, असं तो मोठ्याने म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आठव्या रिव्हिजनला हात घातला. सगळंच तपासायला हवं होतं. एक चूक निघाली म्हणजे आणखी असणार. बसच्या वेळा, कचेरीच्या सुट्ट्या, त्यांचे सण. त्याने पुन्हा थिंफूला पत्र लिहिलं.

प्रभावतीने एकच पान लिहिलं, तेही पवनीला. तिने नवऱ्याला विचारलं नाही. लिहिलं ते असं: 'मामाजींना सप्रेम जयभीम. पासपोर्ट लागत नाही. तुमचं मतदानाचं कार्ड चालतं. फुन्शोलिंगपर्यंत तर तेही कोणी विचारत नाही. ते गाव उंचावर नाही, दम लागणार नाही. यांचं उत्तर यायला वेळ लागेल. श्रावस्ती बरी आहे.' पोस्टमनच्या सुनेने पत्ता मात्र अगदी पिनकोडसकट लिहिला.

हिवाळा गेला. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात पवनीहून हरिदासच्या धाकट्या भावाचा, धम्मदीपचा फोन आला.

"दादा, बाबा गेले."

हरिदासच्या हातातून फोन निसटलाच होता. धम्मदीप घाईने म्हणाला, "तसे नाही, भूतानले! विहारातल्या दोघांसंग. काल दुपारची गाडी. बुद्धपौर्णिमा तिथं करतो म्हणाले."

"मेमध्ये? अन् तू जाऊ देलं? मले फोन काहून नाही केला?"

"ते म्हणाले, हरिदासले सांगू नको. तो सूचना पाठवेल."

त्यानंतरचे आठ दिवस त्या घरात कुणालाच धड गेले नाहीत. हरिदास ऑफिसात जाऊन नकाशांवर चुकीच्या तारखा टाकू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच. तो पावसाच्या बातम्या ऐकायचा, बंगालमधल्या उष्म्याने मेलेल्यांचे आकडे वाचायचा, रात्री उठून नळ बंद आहे का बघायचा. मुख्तारकडे जाऊन पासपोर्ट मागितला, तर तो म्हणाला, "यल्ला, चल, लीव्हचा कागद आण." लीव्हचा कागद साहेबांकडे, साहेब दुबईला. प्रभावतीने सहाव्या दिवशी सांगून टाकलं की, पत्र मी लिहिलं होतं. तो भांडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "दम लागणार नाही असं लिहिलंस ना?"

"लिहिलं. तुमच्याच सूचनांतलं."

पौर्णिमा गुरुवारी झाली. शुक्रवारी दुपारी फोन वाजला, तेव्हा हरिदास स्वयंपाकघराच्या टोकाला होता. तीन ढांगांत आला.

"हॅलो, हरिदास? मी फुन्शोलिंगातून बोलून रायलो. भूतानातून." म्हाताऱ्याचा आवाज ओरडून आलेला, आणि आवाजाच्या मागे ती शिट्टी.

"बाबा! तब्येत कशी आहे? दमा?"

"दमा आहे. थांबून थांबून चालतो. वर थिंफूले जात नाही, तेवढा दम आता नाही माझ्यात. पण हे गाव पायलं. कमानीतून चालत आलो, कोणी अडवलं नाही. शिपायाले मीच जयभीम केला. त्यानं बी हात जोडले. काल विहारात बसलो. बाजूले दुकानदार, त्याच्या बाजूले पोलिस, त्याच्या बाजूले एक बाई भाजीची टोपली घेऊन. सगळे एकाच सतरंजीवर. मी नुसता पायत बसलो."

प्रभावती रिसिव्हरला कान लावून उभी होती.

"अन् ऐक," म्हातारा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज हसरा झाला. "इथल्या लोकाईले आडनाव नसते, माहीत आहे काय तुले? तुझ्या एकाही रिव्हिजनमधी नाही हे. कोणी सोनम, कोणी पेमा, बस. मी सदतीस वर्षं टपाल वाटलं. नव्या घरी पत्र नेलं का लोक आधी मले विचारत, तुझं आडनाव काय? मंग ठरवत, पत्र हातात घ्यायचं का उंबऱ्यावर ठेव म्हणायचं. इथं मी पोस्टात गेलो. तिथल्या पोस्टमनले हिंदीत विचारलं, एका गल्लीत सात सोनम असतील तं पत्र कोणाले देतोस? तं तो म्हणते, ओळखतो ना सगळ्यांले. अर्धा तास बोललो आम्ही. चहा पाजला त्यानं मले. आपल्या कपातून."

"बाबा, तिथंच थांबा," हरिदास कसाबसा म्हणाला. "मी येतो. उद्या साहेब येतील, लीव्ह घेतो, कलकत्त्याले उतरतो, तीन दिवसांत..."

"आता कायले? उद्या सकाळची आमची गाडी आहे. माझं पायून झालं, पोरा."

हरिदासचा पाय हलत नव्हता. तो दिवाणाच्या कडेला टेकला आणि लहान मुलासारखा रडू लागला. श्रावस्ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बापाला असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, मले तुम्हाला न्यायचं होतं," तो म्हणाला.

पलीकडून ती शिट्टी ऐकू आली.

"माहीत आहे मले," शिवदास सुखदेवे म्हणाले. "म्हणून तं इतके वर्षं थांबलो."